सॅक्रॅमेंटो किंग्जवर जीव लावू पाहणाऱ्यांसाठी चार शब्द

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, बघायला लागलोय, आता एखादा संघ धरायचा आहे, कोणता धरू, असं हल्ली बरेच जण विचारतात. विचारतात ते उगाच. लेकर्स किंवा वॉरियर्स, फार तर सेल्टिक्स, हे मनातून ठरलेलं असतं. टोपी आधी घेतलेली असते, सल्ला नंतर मागितला जातो. त्यांना माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला जर बास्केटबॉल बघण्यापेक्षा बास्केटबॉलवर बोलण्यात जास्त रस असेल, तर डोळे मिटून सॅक्रॅमेंटो किंग्ज धरा. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला मत लागतंच कशाला? तो नुसता हसतो आणि स्कोअर दाखवतो. मतं ही हरणाऱ्यांची इस्टेट आहे, आणि या धंद्यात किंग्जइतकी जुनी पेढी दुसरी नाही.

जुनी म्हणजे खरोखरच जुनी. हा संघ आधी रोचेस्टरमध्ये होता, मग सिनसिनाटीत गेला, मग कॅन्सस सिटीत, आणि १९८५ साली कॅलिफोर्नियाच्या राजधानीत येऊन पोचला. एवढ्या बिऱ्हाडांत विजेतेपद एकच, तेही पहिल्या घरातलं, १९५१ सालचं. कोणी विचारलंच तर ‘हो, आहे ना एक’ म्हणा आणि चहा मागवा. साल विचारेपर्यंत चहा यायला हवा.

आता मराठी माणसाने हाच संघ का धरावा, तर मालकाचं नाव विवेक रणदिवे. एवढं ऐकल्यावर तुमच्या तोंडून ‘मूळचे कुठले?’ निघालं असेल तर पहिली पायरी तुम्ही चढलात. रणदिवे जन्माने मुंबईचे, शिकले एमआयटीत, सॉफ्टवेअरच्या धंद्यात पैसा केला आणि २०१३ साली हा संघ घेतला. संघ तेव्हा सामानसुमान बांधून सिएटलला निघाला होता. इतर मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर फेटाळलं, रणदिवे आणि त्यांच्या भागीदारांनी संघ गावातच ठेवला, २०१६ मध्ये शहराच्या मधोमध नवं झकास स्टेडियम उभं राहिलं. या गोष्टीचं श्रेय त्यांना द्यावंच लागतं. एकदा द्या, हळू आवाजात द्या, आणि पुढे चला. नियम सोपा आहे: संघ जिंकला की ‘आपले रणदिवे’, हरला की ‘तो मालक’.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र पाठच करून ठेवा. बचाव चारच जणांनी करायचा आणि पाचव्याने मागे यायचंच नाही, समोरच्या बास्केटखाली चेंडूची वाट बघत थांबायचं, असा एक विचार त्यांनी २०१४ च्या सुमारास मांडल्याचं छापून आलं होतं. लोक फार हसले. मला हसू आलं नाही, उलट भरून आलं. अहो, हा विचार तुम्हाला-मला रविवारी दुपारी जेवण जड झाल्यावर हमखास सुचतो, आणि चार वाजेपर्यंत विरून जातो. म्हणजे माणूस आपल्यातलाच. मतं आपल्याइतकीच ठाम, आपल्याइतकीच तडकाफडकी. फरक इतकाच की आपली मतं घरातले ऐकून घेतात आणि त्यांच्या मतांची अंमलबजावणी होते. २०१७ च्या फेब्रुवारीत, लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना झाला त्याच रात्री, संघाचा हुकमी एक्का डीमार्कस कझिन्स न्यू ऑर्लीन्सकडे देऊन टाकला. बदल्यात बडी हील्ड आला आणि मालकांना त्याच्यात वॉरियर्सचा नामांकित नेमबाज स्टीफ करी दिसतोय अशा बातम्या आल्या. हील्ड नेमबाज चांगला निघाला, करी काही निघाला नाही. खऱ्या करीचं काय झालं होतं ते पुढे येतंच.

मालकांनी संघ माहेरीही आणला. ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, भारतातले एनबीएचे पहिलेवहिले सामने, समोर इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत १३२–१३१ असा गेला, दुसरा १३०–१०६. दोन्ही आपण हरलो. इतक्या लांब येऊन, यजमानाच्या गावात, पाहुण्याकडून. ‘मी तिथे होतो’ असं सांगायला हरकत नाही, सगळेच सांगतात. फक्त पहिल्या सामन्याला स्टेडियम मुख्यतः शाळेच्या मुलांनी भरलं होतं, तेव्हा वय जरा जुळवून घ्या. आणि ते सराव सामने होते, ते मोजत नाहीत, हे आठवणीने जोडा. जिंकले असते तर मोजले असते.

वेळेचं गणितही तुमच्या बाजूने आहे. सॅक्रॅमेंटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला लागतो. म्हणजे डोंबिवलीची फास्ट, एक हात कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर कोणाच्या तरी बॅगेचं कोपर. दिव्याच्या पुढे नेटवर्क जातं तेव्हा किंग्ज नऊने पुढे असतात. ठाण्याला येतं तेव्हा अकराने मागे. यात मोबाइल कंपनीला दोष देऊ नका. ऑफिसात पोचल्यावर चेहरा असा ठेवा की लोकांनी ‘घरी सगळं ठीक ना?’ विचारावं. ‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये बचावच नव्हता’ एवढंच म्हणा. हे वाक्य वर्षभर चालतं, सामना न बघताही.

या पंथात २००२ चा इतिहास तोंडपाठ हवा, तुमचा जन्म नंतरचा असला तरी. त्या वर्षी किंग्ज ६१ सामने जिंकून अख्ख्या लीगमध्ये पहिले होते. ख्रिस वेबर, व्लादे दिवाच, माइक बिबी, पेजा स्तोयाकोविच. बास्केटबॉल इतका देखणा की बघणाऱ्याने घड्याळ बघू नये. घरच्या मैदानावर प्रेक्षक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन बसायचे आणि पाहुण्या संघाच्या कानाशी वाजवायचे. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सशी गाठ. मालिकेत २–१ ने पुढे, चौथ्या सामन्यात एका क्षणी २४ गुणांनी पुढे. आणि शेवटी ९९–९७. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचा फटका चुकला, शॅकिल ओनीलचा, म्हणजे शॅकचा चुकला, चेंडू दिवाचच्या हाताला लागला आणि त्याने तो संकट टाळावं तसा लांब टोलवला. तो टप्पे खात गेला थेट लेकर्सच्या रॉबर्ट हॉरीकडे. तीन गुणांच्या रेषेबाहेर एकटा उभा होता, जणू निरोप आधीच मिळालेला. वेळ संपता संपता चेंडू आत. १००–९९.

मग सहावा सामना. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो, म्हणजे रेफरीने समोरच्याचा फाउल धरला की मिळणारे मोकळे फटके. हा आकडा तोंडात असा बसवा की झोपेत कोणी हलवलं तरी २७ यायला हवं. शेवटच्या मिनिटात कोबीचं कोपर बिबीच्या नाकावर, आणि फाउल कोणाला? बिबीला! ग्राहक हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या राल्फ नेडर यांनी लीगच्या कमिशनरना पत्र लिहून चौकशी मागितली होती. पुढे २००८ मध्ये सट्टेबाजीत अडकलेल्या टिम डोनगी या रेफरीने त्या मालिकेतल्या एका सामन्यावर बोट ठेवलं, लीगने ते झटकून टाकलं. तुम्ही झटकू नका. हे सगळं क्रमाने, आवाज चढवत न्या, आणि सहाव्या सामन्यावर थांबा.

थांबाच. कारण त्यानंतर सातवा सामना झाला होता. घरच्या मैदानावर, त्याच घंटांच्या गजरात. तो जादा वेळेत ११२–१०६ असा गेला आणि त्यात किंग्जनी ३० पैकी १६ फ्री थ्रो टाकले. चौदा हुकले. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी नाही, हात धरायला कोणी नाही, रेफरी बाजूला शांत उभा. एखादा आगाऊ पोरगा हा आकडा काढेलच. त्याला ‘तू तेव्हा कितीचा होतास रे?’ असं विचारा. या प्रश्नापुढे आपल्याकडे मोठमोठे आकडे निरुत्तर झालेत.

२००२ चा तो संघ तसा मोडलाच नाही, नुसते कपडे बदलून ऑफिसात येऊन बसला. चेंडू टोलवणारा दिवाच पुढे संघाचा जनरल मॅनेजर झाला. कोबीच्या अंगाला चिकटून बचाव करणारा डग ख्रिस्ती पुढे कोच झाला. कोचांचं थोडक्यात सांगतो, कारण तेही इथे थोडक्यातच राहतात. रणदिव्यांच्या पहिल्या बारा वर्षांत ख्रिस्ती आठवा. माइक मलोनला २०१४ च्या डिसेंबरात काढलं, त्याने २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. डेव्ह येगरने तेरा वर्षांतली सर्वांत बरी कामगिरी करून दाखवली, त्यालाही काढलं. माइक ब्राउनला एकमताने वर्षातला सर्वोत्तम कोच निवडलं गेलं, दीड वर्षाने डिसेंबरातच तोही घरी. डिसेंबरात नाताळचं वातावरण असतं तिकडे, भेटी देतात. तुम्ही प्रत्येक कोचला पहिल्या महिन्यात ‘याला वेळ द्यायला हवा’ म्हणा आणि तिसऱ्या महिन्यात ‘मी तर पहिल्यापासून सांगतोय’ म्हणा. दोन्ही वाक्यं एकाच माणसासमोर येणार नाहीत एवढं सांभाळा.

खरा कसोटीचा काळ संघ हरतो तेव्हा नसतो. तो येतो संघ जिंकायला लागला की. २०२२–२३ मध्ये ही आपत्ती आली. त्याआधी सलग १६ हंगाम किंग्ज प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, गेले नव्हते, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. एवढा मोठा विक्रम हातात, आणि ब्राउन, डीआरन फॉक्स आणि डोमांटस सबोनिस यांनी मिळून तो मोडला. ४८ विजय, विभागात तिसरा क्रमांक. वर आणखी, प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायची टूम निघाली. मैदानात एक भलंमोठं बटण आणायचं, सामना गाजवणाऱ्या खेळाडूने ते दाबायचं, की गावभर दिसेल असा जांभळा खांब उभा. लोक अंगणात येऊन फोटो काढायचे, पोरं नाचायची. निष्ठावंतांची पंचाईत झाली. तोंड उघडावं तर कौतुकच बाहेर पडायचं. मी काही जाणत्या लोकांना त्या काळात ‘झोताची वीज किती लागत असेल’ यावर बोलताना ऐकलंय. हेही मत आहे, पण पोटापुरतं.

वॉरियर्सनी सुटका केली. पहिल्याच फेरीत सात सामन्यांची मालिका, दुसऱ्या सामन्यात ड्रेमंड ग्रीनने सबोनिसच्या छातीवर पाय दिला (हे २७ च्या शेजारी नोंदवून ठेवा), आणि सातव्यात, पुन्हा घरच्याच मैदानावर, करीने एकट्याने ५० गुण केले. नंतर गाडी रुळावर आली. ब्राउन गेला, २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला.

टायरीस हॅलिबर्टन हा विषय नाजूक आहे. २०२२ मध्ये सबोनिससाठी त्याला पेसर्सकडे दिलं. त्यावर झोत आला, प्लेऑफ आला, सबोनिस सलग तीन वर्षं लीगमध्ये रिबाउंडला, म्हणजे हुकलेले चेंडू पकडण्यात, पहिला आला. तर हॅलिबर्टनने २०२५ मध्ये ऐन शेवटच्या सेकंदांना एकामागून एक सामने फिरवत पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. हो, तेच वरळीचे पेसर्स. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता असं शांत डोक्याचे लोक म्हणतात. शांत डोकं घेऊन इकडे यायचंच कशाला? सबोनिसबद्दल ‘आकडे आहेत हो, पण...’ म्हणा आणि वाक्य तिथेच सोडा. पूर्ण करायला गेलात तर काही सापडणार नाही.

आणि जून. आपला खरा सण तो, ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा. २००९ ला चौथ्या क्रमांकावर टायरीक इव्हान्स घेतला. दोन घरं सोडून करी गेला. २०११ ला ड्राफ्टच्याच रात्री देवघेव करून दहाव्या क्रमांकाचा जिमर फ्रेडेट मिळवला. अकरावा क्ले थॉम्पसन, पंधरावा कवाय लेनर्ड. २०१२ ला पाचवा थॉमस रॉबिन्सन आपला, सहावा डेमियन लिलार्ड पोर्टलंडचा. रॉबिन्सनला पहिल्याच हंगामात वाटेला लावलं. २०१८ ला दुसरा क्रमांक हातात, समोर लुका डोन्चिच, आपल्या दिवाचच्याच मुलखाकडचा, युरोपचा मुकुटमणी. दिवाचने मार्विन बॅगली घेतला. चेंडू पुन्हा एकदा लांब टोलवला गेला, डोन्चिच तिसरा गेला.

तेव्हा ड्राफ्टच्या दिवशी आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला उठा आणि टीव्ही लावा. किंग्जनी कोणाला घेतलं तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या लगेच मागे जो गेला त्याचं नाव एका कोऱ्या कागदावर लिहा, वर ‘मी यालाच घ्यायला सांगत होतो’ असा मथळा द्या, तारीख घाला, सही करा, घरातला जो कोणी जागा असेल त्याची साक्षीदार म्हणून सही घ्या. कागद कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर. पाच वर्षांनी तो पोरगा ऑल-स्टार झाला की कागद बाहेर काढा आणि लॅमिनेट करून घ्या. नाही झाला, तर त्यामागचा कोण होता ते बघा आणि खाडाखोड दिसणार नाही असं नाव बदला. साक्षीदाराला आठवत नसतं.