‘ड्रमर काय, कुणीही चालतो’ हे खरं नाही

पुण्यात कॉलेज संपलं, कुणाला बंगळुरूला नोकरी लागली, कुणी जर्मनीला शिकायला गेलं, की एखाद्या बँडमधला माणूस कमी होतो. अशा वेळी एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: हेवी मेटल बँडचा आवाज रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) लिहिणारा गिटारिस्ट ठरवतो; ड्रमर-बेसिस्ट बदलले तर कुणाला कळतही नाही; गायक बदलला तर फक्त गळा बदलतो; दोनांतला एक गिटारिस्ट गेला तर उरलेल्याने अ‍ॅम्प वाढवायचा; आणि तरीही बिघडलं तर दोष नव्या माणसाचा. यातलं एकही विधान टिकत नाही. ड्रमरबद्दलचं तर सर्वांत चुकीचं आहे, म्हणून सुरुवात तिथून.

लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पथकात ढोल पन्नास असले तरी लय ताशाच्या हातात असते. ताशावाले बदलले की तेच ढोल वेगळे वाजू लागतात. मेटलमधलं ठळक उदाहरण जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडचं. 1989 मध्ये नवा ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिस आला. गायक, दोन्ही गिटारिस्ट, बेसिस्ट तेच राहिले. 1990 चा ‘पेनकिलर’ अल्बम सुरूच होतो ड्रमच्या एकट्या वादनाने, आणि पुढची गिटार त्या डबल बेसच्या (दोन्ही पायांनी वाजवलेल्या किक ड्रमच्या) वेगावर लिहिलेली आहे. निर्माताही बदलला होता हे मान्य. पण तो वेग निर्मात्याने आणलेला नाही, तो ट्रॅव्हिसच्या पायांतून आला.

असं का होतं, हे आकड्यांत पाहू. मिनिटाला 200 मात्रांच्या टेम्पोला सोळाव्या मात्रांचे (एका मात्रेत चार ठोके) डबल बेस म्हणजे सेकंदाला सुमारे 13 ठोके, दोन ठोक्यांत जेमतेम 75 मिलिसेकंद. किक त्याहून जास्त घुमली तर ठोके एकमेकांत मिसळतात आणि नुसती गडगड ऐकू येते. म्हणून असा ड्रमर आला की किकमध्ये दोन्ही कातड्यांना टेकेल अशी उशी ठेवा, फेल्टऐवजी प्लॅस्टिकचा बीटर लावा. आता गिटारचं पाम म्यूटही (तळहाताने तार दाबून वाजवलेला सूर) तितकंच आखूड हवं, त्यासाठी गेन (आवाज किती फाटवायचा ते ठरवणारं बटण) कमी करावा लागतो. जास्त गेनमध्ये तार थांबल्यावरही शेपूट उरतं. थोडक्यात, ड्रमर बदलला आणि गिटारिस्टला स्वतःचा अ‍ॅम्प पुन्हा लावावा लागला. रिफ मात्र तोच.

बेसिस्टचंही तसंच. मेटालिकाचा क्लिफ बर्टन बोटांनी वाजवायचा. 1986 मध्ये तो अपघातात गेला आणि आलेला जेसन न्यूस्टेड पिकने वाजवणारा. बोटांचा सूर गोल आणि खालच्या मिड्सचा, म्हणजे मधल्या कंपनांच्या खालच्या भागातला असतो. पिकचा आघात 2-3 किलोहर्ट्झच्या आसपास येतो, नेमका गिटारचा चावा आणि किकची टिकटिक जिथे असते तिथे. नवा बेसिस्ट पिकवाला असेल तर तिथली थोडी जागा गिटारने सोडावी आणि 100 हर्ट्झच्या खालचं गिटारमधून काढून टाकावं. ते क्षेत्र बासचंच आहे.

गायकाबद्दल. ब्लॅक सॅबथच्या ‘आयर्न मॅन’मध्ये गायक ऑझी रिफच्याच सुरावरून चालतो. 1980 च्या ‘हेवन अँड हेल’वर त्याच्या जागी आलेला डिओ रिफला आडवा जाऊन स्वतःची चाल गातो, त्यामुळे गिटारिस्ट टोनी आयोमीला गाण्याखाली वेगळी रचना करावी लागली. दुसरा मुद्दा पट्टीचा. हार्मोनियमवर पट्टी बदलणं सोपं. हेवी रिफ मात्र खुल्या जाड तारेला टांगलेला असतो, तो फ्रेटवर सरकवता येत नाही. नवा गायक खालचा असेल आणि गिटार पांढरी तीनवरून पांढरी एकला उतरवायची असेल, तर खालची तार 82 वरून 65 हर्ट्झवर येते. 10-46 चा तारांचा सेट (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तिथे लोळतो आणि जोरात आघात केला की सूर चढतो. 12-56 च्या आसपासचा सेट लावा. नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तो तुकडा) खाचा अरुंद पडतात, ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येतो. त्या जाणकाराकडूनच घासून घ्या, खोल गेल्या तर नट बदलावा लागतो. ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली सळी) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, मान रात्रभर बसू द्या, मग बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (सूर बरोबर लागतो का ते) तपासा. जाड तारा आणि खालची पट्टी मिळून गिटारचा पोतच बदलतो. फक्त गळा बदलला, असं कसं म्हणणार?

दोनाची एक गिटार झाली की उणीव आवाजाच्या पातळीची नसते. सोलो सुरू झाला की खालचा रिफ थांबतो, खड्डा पडतो. गायक-गिटारिस्ट मॅक्स कावालेरा 1996 च्या शेवटी बँड सोडून गेल्यावर ब्राझीलच्या सेपल्तुराने दुसरा गिटारिस्ट घेतला नाही. आंद्रेआस किसर एकटा राहिला. अ‍ॅम्प वाढवून तो खड्डा भरत नाही. तो बासने भरावा लागतो. बासचा सिग्नल दोन वाटांनी न्या: 200 हर्ट्झच्या खालचा स्वच्छ, वरचा डिस्टॉर्शनमधून. पूर्ण बासला डिस्टॉर्शन दिलं तर तळच नाहीसा होतो.

आणि दोष नव्या माणसाचा? मेटालिकाच्या 1988 च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ अल्बममध्ये न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. तो कमी वाजवतो म्हणून नाही, मिक्समध्येच खाली ठेवला म्हणून. त्यांच्याच 2003 च्या ‘सेंट अँगर’चा डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम तर 1981 पासून असलेल्या ड्रमरचाच, स्नेअरखालच्या तारा न लावता वाजवलेला. तेव्हा जॅमरूममध्ये माणसावर बोट ठेवण्याआधी फोन एकाच कोपऱ्यात ठेवून तेच गाणं चारदा रेकॉर्ड करा: एकदा आहे तसं, मग गेन कमी करून, मग किकमध्ये उशी घालून, मग मेट्रोनोमवर जुन्या टेम्पोने. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही.