गोल मोजून डिफेंडर कळत नसतो

सात रस्त्याच्या कट्ट्यावर काल पुन्हा हॉकीवरून जुंपली. तोंड उघडलं सिद्धूनं, म्हणजे हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावाचा आकडा आलाच.

"७८ लाख बे! सूरमा टीमनं भारताच्या हरमनप्रीतला ७८ लाख मोजले, त्याच्या जोडीचा डिफेंडर अमित रोहिदास ४८ला गेला. ज्याचे गोल जास्त, तो डिफेंडर मोठा. पॅरिस ऑलिंपिकला हरमनचे १० गोल. विषय संपला."

इरफानभाई लेफ्ट बॅक खेळलेले माणूस. बोलतात कमी. "ते १० गोल पेनल्टी कॉर्नरचे आणि स्ट्रोकचे, समोरच्याच्या चुकीवर मिळालेल्या फटक्यांचे. फ्लिकर म्हणून, कॉर्नरवर बॉल गोलात भिरकावणारा म्हणून, तो राजाच आहे. मी डिफेंडर म्हणून विचारायलोय. बॉल उचलून लांब फेकायला, स्कूप टाकायला, तो वर सरकतो, तेव्हा मागं कोण थांबतं?"

"गोलकीपर!" सिद्धू म्हणाला.

नागेशला हसून ठसका लागला. पण खरा मुद्दा त्यानंच काढला. "भाई, पॅरिसच्या क्वार्टर फायनलला रोहिदासला १७व्या मिनिटाला रेड कार्ड. उरलेली ४३ मिनिटं १० जणांत काढली, १-१ राखलं, शूटआउट ४-२ जिंकलं. त्याच्यावाचून अडलं कुठं?"

"त्या दिवशी सगळी टीम मागं येऊन बसली होती, आणि गोलात श्रीजेश. तसं एक मॅच खेळता येतं. सेमीला जर्मनीपुढं गोल करायला वर जावंच लागणार होतं. त्यात रोहिदासवर बंदी, बदली कुणी नाही, राखीव धरून १५ जणांत खेळायचं. जर्मनीच्या पाइलाटनं कॉर्नरवर मारला तो गोल आठव. आपला फर्स्ट रशर, कॉर्नर अडवायला सगळ्यात आधी धावणारा, कोण असतो?"

"रोहिदास. पण तो असता तर अडलाच असता, असं कुठंय?"

"नाही म्हणत मी. पण गोललाईनवरून धावताना पाहिलंयस का त्याला? तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड. बॉल आत सुटला की हा सरळ फ्लिकरच्या अंगावर. ताशी शंभरच्या वर येणारा बॉल, आणि हा त्याच्या वाटेत स्टिक घालतो. त्यानं एक बाजू झाकली तरच कीपरला दुसरी सांभाळता येते. हे कुठल्या रकान्यात लिहितोस, सिद्धू?"

सिद्धूनं मोबाईल काढला. त्यातही गोलच. "मग २०२५ च्या लीग फायनलला बंगालच्या जुगराजनं हॅटट्रिक मारली, तोही डिफेंडरच ना? बंगाल जिंकलं ना?"

"४-३ जिंकलं. हैदराबादचे तीन खाल्ले, तेही लिही."

यावर सिद्धू गप्प. इरफानभाईंचं मला शंभर टक्के पटतं. डिफेंडर एकटा तोलायचाच नसतो, जोडी तोलायची. एक टॅकलला गेला की दुसरा त्याच्या मागं आत सरकतो का? ही जोडी मैदानात असताना बॉल आपल्या गोलसमोरच्या सर्कलमध्ये किती वेळा शिरला, कॉर्नर किती दिले, आपल्याच अर्ध्यात बॉल कुणी हरवला? कॅमेरा बॉलच्या मागं पळतो, म्हणून घरी बघताना हे निम्मं दिसतच नाही. एवढं चांगलं काम करणाऱ्या माणसाचं नाव फक्त रेड कार्ड मिळालं की घराघरात पोचतं, याचा मला मनापासून राग येतो.

नागेश अजून पुरता पटलेला नव्हता. "मग हरमनला बसवायचं का?"

"वेड लागलंय का? त्याच्याशेजारी कुणाला ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. जो वर जाणार नाही, त्याला."

"म्हणजे सिद्धूला नाही," नागेश म्हणाला. शाळेच्या मॅचला सिद्धू फुल बॅक होता. गोल मारायचा म्हणून पार पुढं गेला, आणि मागं एकटा नागेश, समोर तिघं. तेव्हा खाल्लेले सहा गोल नागेश अजून विसरलेला नाही.

"पण मारला ना मी एक!" सिद्धू उसळला.

"ऑफसाइड!" नागेश ओरडला.

"हॉकीत ऑफसाइड कधीच गेलं बे!"

"बघा भाई, नियम सगळे पाठ आहेत याला. फक्त मागं यायचं तेवढं माहीत नाही."

इरफानभाईसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सिद्धू चहाचे पैसे न देताच गाडीला किक मारून निघाला, आणि नागेश त्याच्या मागं ओरडत राहिला, "आताही पुढंच पळायलास!"