पायरीवर बसून बोलोन्या

वादाला सुरुवात नानांच्या थ्री-फोर्थवरून झाली.

आमचा कट्टा म्हणजे चिंचवडमधल्या एका बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या तीन पायऱ्या. संध्याकाळी सातनंतर आम्ही तिथे असतो. नाना आकुर्डीच्या बजाजमधून निवृत्त. वकील अजून कोर्टात जातात, निदान तसं सांगतात. दाद्याचा फ्लेक्स छापायचा धंदा. आणि मी. परवा नानांची पुतणी मुग्धा त्यांना जेवायला बोलवायला आली. दोन वर्षं इटलीत बोलोन्याला शिकून नुकतीच परतली आहे. नानांकडे पायापासून वर बघत म्हणाली, "काका, अहो, हे असं? तिकडे माझी घरमालकीण कचरा टाकायला खाली उतरायची ना, तर आधी चपला बदलायची, केस सारखे करायची, गळ्यात स्कार्फ अडकवायची आणि मग पिशवी उचलायची."

"कचऱ्याला भरून येत असेल," दाद्या म्हणाला.

झालं. जेवण राहिलं, चहा सांगितला गेला.

मुग्धाचं म्हणणं असं की तिकडे याला शब्दच आहे, बेल्ला फिगुरा. चारचौघांत आपलं नीट दिसणं. त्यात नुसते कपडे येत नाहीत. कुणाकडे जेवायला जाताना मिठाईवाल्याने बांधून दिलेला खोका कसा धरलात, दुकानात शिरताना काय म्हणालात, हेही त्यातच. फजिती झाली की ब्रुत्ता फिगुरा, म्हणजे शोभा.

वकिलांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समजायचं की उलटतपासणी आहे. "म्हणजे 'लोक काय म्हणतील?' हेच ना? आमच्या आईने म्हटलं की तो जाच, आणि इटलीतल्या बाईने म्हटलं की संस्कृती!"

मला वाटलं, गेला सामना. पण मुग्धा लगेच कबूल झाली. "जाच आहेच की. पहिल्या हिवाळ्यात मी पायजम्यावर कोट चढवून दूध आणायला गेले, तर खालच्या बारमधल्या बाईने तब्येत विचारली. टोमणा नव्हता हो, तिला खरंच वाटलं मी आजारी आहे." बार म्हणजे दारूचं दुकान नव्हे, हे तिला मध्येच सांगावं लागलं. तिकडे सकाळची कॉफी बारमध्येच पितात, काउंटरला टेकून, उभ्याउभ्या, दोन-तीन घोटांत. टेबलाशी बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो.

"आपण बसून पितो, तेही दहा रुपयांत," दाद्याने आपला गुण नोंदवला आणि मूळ मुद्द्यावर आला. "पैसा आहे, सवड आहे, नटतात. त्यात कौतुक कसलं?"

"घरमालकीण पेन्शनीवर जगते, दादा. कोट दोनच. आतलं अस्तर विरलं की शिंप्याकडून बदलून घेते. बाकीचं पियात्सोला बाजारातून. शुक्रवार-शनिवारी मैदानात तंबू ठोकून भरतो, तिथे हात घालून ढिगातून शोधायचं. आणि वर हे सगळं सहज जमलंय असं दिसलं पाहिजे. त्यालाही शब्द आहे, स्प्रेत्सातुरा. सोळाव्या शतकातल्या दरबारी मंडळींसाठी घडवलेला. मेहनत करायची, पण ती दिसू द्यायची नाही."

"आमच्या धंद्यात उलटं," दाद्या म्हणाला. "मेहनत शून्य, पण दिसलं पाहिजे वीस बाय दहा." समोरच्या विजेच्या खांबावर त्यानेच छापलेला कुठल्याशा भाऊंचा वाढदिवस लटकत होता. भाऊ मोबाईलवर बोलत होते, नेहमीप्रमाणे.

इतका वेळ नाना गप्प होते. मला वाटलं थ्री-फोर्थचं लागलं त्यांना. पण ते बोलले ते भलतंच. "मला चौऱ्याहत्तर साली चेतकच्या लाइनवर घेतलं. तेव्हा आमचा एक जुना फोरमन सांगायचा, ही गाडी कपडे वाचवायला जन्माला आलीये. ज्याने मूळ व्हेस्पा काढली तो विमानवाला इंजिनिअर होता, दास्कानिओ. त्याला मोटरसायकल आवडायचीच नाही. साखळीचं तेल पँटला लागतं, टांग टाकून बसावं लागतं, पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव जातो. मग त्याने काय केलं? इंजिन मागे, पत्र्याच्या आत झाकलं. साखळीच ठेवली नाही. गिअर हँडलवर आणला, म्हणजे बुटाची पॉलिश जायला नको. पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं, पटकन निघावं म्हणून. आणि पुढे मोकळी जागा, झगा नेसलेली बाई सरळ पाय ठेवून बसेल अशी."

आम्ही गप्पच झालो. ज्या चेतकला आडवी करून किक मारताना आमच्या बापाच्या तोंडून काय काय ऐकलं, तिच्यामागे एवढा नाजूक विचार असेल असं कधी वाटलं नव्हतं. हिशेब जुळतो मात्र. दुसऱ्या महायुद्धात व्हेस्पावाल्या पियाज्जिओ कंपनीचा पोन्तेदेराचा विमानकारखाना बॉम्बने उद्ध्वस्त झालेला, देश कंगाल, आणि 1946 साली हे लोक 98 सीसीची स्कूटर काढतात ती लोकांना इस्त्री न मोडता कामावर पोचता यावं अशी! पुढे परवान्यावर ती बजाजकडे आली, 1971 मध्ये करार संपल्यावर तिचीच चेतक झाली. आता पियाज्जिओ स्वतः बारामतीत व्हेस्पा बनवते. आपली तीनचाकी रिक्षासुद्धा त्यांच्या आपेचीच लेक. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. रिक्षावाल्यांशी बोलताना यातली कुठली, हे ज्याने त्याने ठरवावं.

"पण नटून जायचं कुठे?" वकील अजून सोडत नव्हते.

"रस्त्यावर. नुसतं." मग मुग्धाने पास्सेज्जाता सांगितली. जेवणाआधीच्या तासा-दोन तासांत सगळं गाव मुख्य रस्त्यावर उतरतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, परत फिरायचं, पुन्हा चालायचं. पोहण्याच्या तलावात फेऱ्या मारतात तसं, म्हणून कुठे कुठे त्याला तलाव मारणंच म्हणतात. आजोबा असतात, बाबागाडी असते, नुकतं जुळलेलं असतं तेही असतं. खरेदी केलीच पाहिजे असं नाही. बघायचं आणि बघू द्यायचं. बोलोन्यात तर शनिवार-रविवारी मधले तीन मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात.

"आपल्याकडेही लक्ष्मी रोड बंद करतात की," दाद्या म्हणाला. "पादचारी दिनाला."

"वर्षातून एकदा," मी म्हणालो.

खरी मजा पुढे आली. मुग्धाने बोलोन्याचे पोर्तिको काढले. रस्त्याच्या कडेने खांब, वर घराचे मजले, खाली कमानींतून चालायची वाट. सगळे मिळून 62 किलोमीटर, त्यातले निवडक 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. हे सुचलं कुणाला, तर कुणालाच नाही. विद्यापीठामुळे गावात परगावचे विद्यार्थी लोटले, भाड्याला खोल्या पुरेनात. घरमालकांनी वरचा मजला लाकडी तुळयांवर रस्त्याच्या अंगाला पुढे काढला. मग आणखी पुढे. मग तो पडू नये म्हणून खाली खांब.

"अतिक्रमण!" वकील जवळजवळ उभे राहिले. त्यांची निम्मी प्रॅक्टिस याच शब्दावर चालते.

"हो, पण ऐका ना. 1288 साली नगराने कायदा केला. पाडापाडी नाही. उलट प्रत्येक नव्या घराला पोर्तिको हवाच. वर तुमची खोली, खाली मात्र सगळ्यांची वाट. उंची किती? घोडेस्वार खालून जाईल इतकी. जमीन मालकाची, डागडुजी मालकाची, चालायचा हक्क लोकांचा."

वकिलांनी चष्मा परत लावला. "म्हणजे गुंठेवारी नियमित केली आणि बदल्यात फुटपाथ काढून घेतला." बराच वेळ ते स्वतःशीच मान हलवत होते. आयुष्यभर त्यांनी बांधकामं वाचवली किंवा पाडली. बदल्यात काही मागायचं, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

नानांना मात्र आवडला तो सान लुकाचा पोर्तिको. शहराच्या वेशीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत, 666 कमानी, जवळजवळ चार किलोमीटर. मे महिन्यात देवीची, म्हणजे मेरीची, तसबीर वाजतगाजत खाली शहरात आणतात, तिला पाऊस लागू नये म्हणून 1674 पासून लोकवर्गणीतून बांधला. "म्हणजे पालखीला गावापर्यंत छप्पर," नाना म्हणाले आणि हात जोडले.

एवढं गोड ऐकून मलाच राहवलं नाही. म्हटलं, रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सवर बसलं तर 2019 पासून 400 युरोपर्यंत दंड आहे. पायऱ्यांची दुरुस्ती एका दागिनेवाल्या कंपनीच्या पैशाने झाली, आणि मग माणसांनी टेकायचं नाही! सौंदर्य असं काचेत गेलं की ते रोजचं कसलं? पायरीवर बसणाऱ्या चौघांना हा दंड इतका लागला की पाच मिनिटं इटलीचं काही खरं राहिलं नाही. मुग्धानेही भर घातली. विद्यापीठाच्या गल्लीतल्या कमानींवर स्प्रेने गिरगटलेलं असतं, रात्री कोपऱ्यांत वास मारतो, आणि गावाबाहेरच्या वसाहतींत गेलं तर आपल्यासारखेच ठोकळे.

"पण एक आहे," ती म्हणाली, "तुमच्यासाठीसुद्धा तिकडे शब्द आहे. उमारेल. रस्ता खणत असले की मागे हात बांधून बघत उभे राहणारे म्हातारे. 'असं नाही, तसं खणा' सांगणारे. बोलोन्याचाच शब्द, आता इटालियन शब्दकोशात गेलाय."

"जेसीबी बघणारे!" दाद्या ओरडला. "नाना, तुम्ही शब्दकोशात गेलात!"

नानांनी थ्री-फोर्थची नाडी आवळली आणि शांतपणे विचारलं, "काय घालतात गं ते, बघायला जाताना?"

"टोपी. इस्त्रीची पँट. आणि बूट."

"हं," नाना म्हणाले.

साडेआठ झाले. मुग्धाच्या फोनवर काकूंचा तिसरा मिस्ड कॉल. आम्ही उठलो. दुकानापासून नानांच्या सोसायटीपर्यंत फुटपाथ आहे, म्हणजे त्यावर डीपी आहे, टपरी आहे, भाऊंच्या फ्लेक्सची बांबूची चौकट आहे. रस्त्याच्या कडेने निघालो. पुढे नाना, मग मुग्धा, मग वकील, मग दाद्या, शेवटी मी. वकील मागे वळून मला काहीतरी सांगत होते, बहुधा 1288 च्या कायद्याबद्दलच, पण मध्ये दाद्या होता आणि शेजारून पीएमपीची बस गेली, त्यामुळे ऐकू आलं नाही. एका ओळीत चालताना वाद घालता येत नाही.