पोत्यात हात घातला तर राग कशाला?

दादा, नमस्कार. ठोक धान्य व्यापारी कसा निवडावा यावर मी लिहिलेलं तुम्हाला खटकलं आणि तुम्ही ते सविस्तर कळवलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोंढा म्हणजे धान्याचा ठोक बाजार विश्वासावर चालतो, तिथे नमुने आणि परवाने मागणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणाऱ्याला चोर ठरवणं. पाच-दहा क्विंटल घेणाऱ्या माझ्यासारख्या खाणावळवालीचे एवढे सोपस्कार कुणी चालवून घेणार नाही. आणि माणूस ओळखीचा असला की बाकी काही बघावं लागत नाही. तुमच्या घरी परभणीला आडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून द्यायचा धंदा, आहे, म्हणून यातला शब्द न् शब्द मी मनावर घेतला.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर तुमच्याच मोंढ्यात आहे. शेतकऱ्याचा ढीग पडला की बोलीआधी खरेदीदार काय करतो? कोपरापर्यंत हात घालून तळचे दाणे काढतो, तळहातावर पसरतो, दाताखाली फोडून बघतो. सोयाबीन असेल तर ओलावा मोजायचं मशीन लागतं आणि आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो. हे रोज होतं आणि त्याला कुणी अविश्वास म्हणत नाही. मग तोच माल पोत्यात भरून माझ्या दारात आल्यावर मी हात घातला तर तो अपमान कसा होतो? शेतकऱ्याने सोसायची ती तपासणी व्यापाऱ्यानेही सोसावी, एवढंच माझं मागणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

ओळखीबद्दल. तुम्ही ज्याला ओळखता तो माणूस सचोटीचा असेलही, पण पोत्यात काय आहे हे त्यालाच पुरतं ठाऊक असेल असं नाही. तूरडाळीचं बघा. गावात जाऊन शेतकऱ्याकडून थेट माल घेणारा खेडा खरेदीवाला, मग आडत, मग डाळ मिल, मग ठोक व्यापारी, इतक्या हातांतून ती येते. मिलमध्ये बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही पांढरी तूर येते, लाल तूर येते, म्यानमारची ‘लेमन’ नावाची तूर येते, आफ्रिकेतलीही येते. एकदा फटका डाळ, म्हणजे पॉलिश केलेली डाळ, होऊन चकाकली की नुसत्या नजरेला फरक कळत नाही. म्हणून मी थोडी डाळ कुकर न लावता उघड्या पातेल्यात शिजवते. अर्धी डाळ गळून गेली आणि अर्धी टणक राहिली, तर त्यात जुनी-नवी किंवा दोन जातींची मिसळ आहे, हे चुलीवरच कळतं. तूरडाळीत भेसळ म्हणून मिसळली जाणारी लाखेची डाळ मात्र निवडूनच शोधावी लागते. तिचा दाणा तुरीसारखा गोल न दिसता पाचरीसारखा, कोनदार दिसतो.

ज्वारीच्या बाबतीत तर मी कुणाचाच शब्द प्रमाण मानत नाही. आमच्या लातूरच्या खाणावळीत शिकायला आलेली मुलं जेवतात, ती भाकरीवर वाढलेली आहेत. मालदांडी, म्हणजे रब्बीची भाकरीची ज्वारी, म्हणून विकलेल्या पोत्यात खरिपाची संकरित ज्वारी मिसळलेली असते. परतीच्या पावसात भिजलेला दाणा असेल तर टोकाला काळपट डाग दिसतो, पण वरचा दाणा निवडक आणि काळा खाली असला तर पोत्याच्या तोंडाशी बघून काही समजत नाही. म्हणून नमुना थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्यांतून घ्यावा, तोही लोखंडी नळी खुपसून. ते सगळं मिसळून त्यातली किलोभर दळून आणावी आणि त्याच दिवशी थापावी. आधण ओतून मळूनही पिठाला चिकटपणा येत नसेल, कडा फाटत असतील, तर दाणा जुना आहे किंवा भिजलेला. याला कुठली लॅब लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे सांगता येईल, फक्त तिला सौद्याआधी विचारायला हवं.

ओलाव्यावर मी जास्त भर दिला, असंही तुम्ही म्हणता. हिशेब करून बघा: १४ टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल तुमच्या खोलीत वाळून ११ टक्क्यांवर आला की वजन सुमारे ३.४ किलोने घटतं. पैसे तर शंभर किलोचे गेलेले असतात. शिवाय ओल्या मालात सोंडे लवकर धरतात. मशीन नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत दाणे आणि खडखडीत कोरडं मीठ घालून हलवावं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या पुढे आहे. बारदानाचं वजनही वेगळं करून घ्यावं, कारण तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं. आणि कीड मारायच्या गोळ्या कधी ठेवल्या होत्या, हे विचारायला संकोच करू नये. त्या गोळ्यांचा गॅस जीवघेणा असतो. पोतं उघडल्यावर लसणासारखा उग्र वास आला तर ते घरात घेऊच नये.

कागदांच्या बाबतीत तुमचं थोडं बरोबर आहे. जीएसटी क्रमांक नाही म्हणून कुणाला बनावट म्हणू नये. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आहे, त्यावरच्या पोत्यांवर नाही. नुसता मोठ्या पोत्यांचा धंदा करणाऱ्याला तो क्रमांक लागतोच असं नाही. पण अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक त्याच्याकडे हवा. तो मोबाईलवर पडताळायला पाच मिनिटं लागतात. फोनवरच्या स्वस्त भावाला भुलून अनोळखी खात्यावर उचल पाठवणाऱ्यांनी तर ती पाच मिनिटं काढायलाच हवीत.

माझ्या लेखी यापेक्षा मोठी परीक्षा तक्रारीच्या वेळी होते. पसंत केलेल्या नमुन्याची एक पिशवी माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे, दोन्हीवर तारीख आणि सही. माल वेगळा निघाला की दोन्ही पिशव्या शेजारी ओतायच्या. एका व्यापाऱ्याने अशा वेळी फोन उचलणंच बंद केलं. दुसऱ्याने संध्याकाळी टेम्पो पाठवून पोती परत नेली, भाड्याचं नावही काढलं नाही. आज त्याच्याकडून मी उधारीवरही निर्धास्त माल घेते. तुम्ही म्हणता तो विश्वास हाच, आणि तो त्या दोन पिशव्यांमुळे बसला.

छोट्या गिऱ्हाईकाला मोंढ्यात कुणी विचारत नाही, हे मात्र सोळा आणे खरं. म्हणून आमच्या गल्लीतल्या खाणावळी मिळून एकच सौदा करतात. नमुना बघायला एकजण जाते, पोती नंतर वाटून घेतो. टेम्पोभर माल म्हटल्यावर व्यापारी स्वतः थप्पी उतरवून दाखवतो.

आता तुम्हाला एक विचारते. खेडा खरेदीतून आलेला माल आणि बाजारात बोली लागलेला माल आडतीत वेगळा ठेवतात का, आणि पावतीवर तसं लिहून मिळू शकतं का? तसं झालं तर आमचं निम्मं काम हलकं होईल. घरी विचारून नक्की कळवा.