पंधरा पॉइंट नऊ

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची दुपार, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, मी आणि पीएचडी करणारी एक मुलगी. कुरखेडा तालुक्यातली, गोंड, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. मी संख्याशास्त्र शिकवते आणि तिचा विषय समाजकार्य, त्यामुळे मी काही तिची गाइड नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून तिला गडचिरोलीच्या बायांचं हिमोग्लोबिन काढायचं होतं. फाइल देशभरातल्या ७ लाख २४ हजार बायांची. तिच्या लॅपटॉपवर उघडायला गेलं की पंखा घरघरायचा आणि स्क्रीन गोठायची, म्हणून कोणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

सरासरी आली १५.९.

मी कोडमधला एक कंस नीट करत होते, आकड्याकडे माझं लक्षच नव्हतं. ती हसली. म्हणाली, "मॅडम, एवढं रक्त असतं तं माझी बहीण गोळ्या कायले वाटते जी?" बहीण आशा वर्कर आहे, रक्तवाढीच्या गोळ्या वाटते.

मग शोधलं. ज्या बाईने रक्त द्यायला नकार दिला किंवा जी त्या दिवशी घरी नव्हती, तिच्या रकान्यात ९९४, ९९५ असे सांकेतिक आकडे असतात. हिमोग्लोबिन या फाइलमध्ये दशांश चिन्हाशिवाय लिहितात, म्हणजे ११.८ असेल तर ११८. साहजिकच कॉम्प्युटरने त्या नकारांना ९९.५ हिमोग्लोबिन देऊन टाकलं. शंभरातल्या पाच बाया अशा असल्या तरी सरासरी कुठच्या कुठे जाते. ते आकडे बाजूला काढले आणि सगळं ताळ्यावर आलं. पण चूक पकडली तिने. सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने नाही.

"डेटा तर फुकट आहे, मुलं वापरत नाहीत" हे वाक्य नागपुरात मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. फुकट आहे, मान्य. पण बहुतेक जण तो ज्या डीएचएस प्रोग्रॅमच्या (अमेरिकेच्या पैशावर उभा राहिलेला, देशोदेशींच्या अशा सर्वेक्षणांचा कार्यक्रम) साइटवरून घेतात, तिथला फॉर्म इंग्रजीत. संस्था कोणती, प्रकल्प काय, हे इंग्रजीत पटवून द्यायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने पैसा थांबवला आणि तिथली नवीन नोंदणीच बंद पडली. आपल्या बायांच्या रक्ताचे आकडे, आणि कुलूप वॉशिंग्टनकडे! या मुलीने सुदैवाने आधीच फाइल उतरवून ठेवली होती, नाहीतर बसा.

बरं, फाइल मिळाली तरी पुढे काय? प्रश्न बाईला मराठीत विचारला, उत्तर तिने मराठीत दिलं, आणि फाइलमध्ये हिमोग्लोबिनच्या रकान्याचं नाव व्ही-४५३. वेटचा रकाना, म्हणजे सरासरी काढताना कुठल्या बाईला किती वजन द्यायचं तो, दहा लाखांनी भागायचा असतो, हे कोण सांगणार? मुंबईत देवनारच्या लोकसंख्या संस्थेत शिकणाऱ्या मुलाला ते कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता कळतं. आमच्या मुलीला ते कळायला गणेशपेठच्या स्टँडवर उतरावं लागतं, वडशावरून चार-साडेचार तास एसटीत बसून. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं म्हणून निदान ते परवडतं.

यावर आपला उपाय म्हणजे कार्यशाळा. एका संस्थेत मीही गेले होते, पाहुणी म्हणून. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, उद्घाटकांचं पाऊण तास भाषण, जेवण (जेवण चांगलं होतं, सांभारवडी होती), दुपारी स्लाइडवर डेटा, चार वाजता प्रमाणपत्रं. एकाही मुलाने स्वतःच्या हाताने फाइल उघडली नाही.

आणि हे काही कुणावर उपकार करायचे म्हणून म्हणत नाही मी. प्रश्न ज्यांच्या घरातला आहे, त्यांना आकड्यांतली खोट आधी दिसते, माझा अनुभव तरी तसा आहे. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये रक्तक्षय निघाला, चौथीत तो ४८ होता. पेपरात आपण एवढंच वाचतो. ही मुलगी विचारते, यातल्या सिकलसेलवाल्या कोणत्या? (सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातही हिमोग्लोबिन कमी होतं.) बोट टोचून काढलेल्या थेंबावरून हिमोग्लोबिन कमी आहे एवढंच कळतं, कशाने कमी ते नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला १९५८ साली. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन आलं २०२३ मध्ये. मधल्या पासष्ट वर्षांत आमच्या भागातल्या किती घरांत "अशक्तपणा आहे, गोळ्या खा" एवढंच ऐकलं गेलं असेल!

दुसरा तिचा प्रश्न आणखी अवघड होता. तिला माडिया वेगळे काढायचे होते. सार्वजनिक फाइलमध्ये फक्त 'अनुसूचित जमाती' असतं. गोंड, माडिया, कोलाम सगळे एका टोपलीत. शिवाय ७०७ जिल्हे आणि ६ लाख ३६ हजार कुटुंबं, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. त्यात माडिया किती सापडणार? मी तिला सांगितलं, हे यातून निघणार नाही. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, मग हेच लिहिते ना मॅडम, निघत नाही म्हणून. तिच्या प्रबंधातलं ते प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडलंय. गाइडना ते 'नकारात्मक' वाटतं, तो वाद चालू आहे.

तर माझं म्हणणं फार मोठं नाही. शाल-श्रीफळाच्या पैशात ८ जीबी रॅमचे दोन कॉम्प्युटर येतात. स्टाटा या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नको, आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. लॅब शनिवारी दोन ते पाच उघडी ठेवायची, शेजारी एक माणूस बसवायचा ज्याला ९९५ म्हणजे काय ते ठाऊक आहे. येणाऱ्याचं एसटीचं भाडं द्यायचं.

मी बसतेय, ऑगस्टपासून. सध्या चौघं येतात, दोघी भंडाऱ्याच्या, एक मुलगा यवतमाळचा कोलाम, आणि ही. मला सर्वेक्षणांतलं येतं, पण दवाखान्यांच्या मासिक अहवालांचा डेटा मला धड कळत नाही. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या दवाखान्यांतल्या किंवा जिल्हा परिषदेतल्या कुणी तो हाताळला असेल आणि महिन्यातून एक शनिवार देता येत असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. खुर्ची आहे. चहा मात्र खाली टपरीवर प्यावा लागतो, लॅबमध्ये शिपाई येऊ देत नाही.