अठरा होल आणि उसाचा ट्रॅक्टर

ऐन हंगामात सातारा-कोरेगाव रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरमागे जो अडकलाय, त्याला गोल्फमधलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. पुढं रेंगाळणारी चार खेळाडूंची चौकडी म्हणजे तोच ट्रॅक्टर, फक्त गाणी लागलेली नसतात. रस्त्यावर निदान हॉर्न मारता येतो. इथं 'तुम्ही व्हा पुढं' असं त्यांनीच आपणहून म्हणायचं. आता ट्रॅक्टरवाला मागं बघतो का कधी?

माझा हिशेब सरळ आहे. चार गडी, अठरा होलांत प्रत्येकी ९० फटके, झाले ३६०. नियमावली म्हणते, पाळी आली की ४० सेकंदांत मारा. एकामागून एक मारत बसलात तर बरोब्बर चार तास, आणि यात चालणं धरलेलंच नाही! फटक्यामागं दहा सेकंद वाचवली की तास सुटतो. ही दहा सेकंद खातं कोण? हातमोजा. गवत उडवून वारा बघणं (एवढं बघूनही चेंडू झुडपातच). आणि दुसऱ्याचं होईस्तोवर आपली स्टिक न निवडणं. म्हणून जो तयार, त्यानं मारावं. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच.

खरी कोंडी पार-तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या आखूड होलवर. पार-चारला एक चौकडी ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर) असताना दुसरी टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारू शकते; इथं ग्रीन मोकळं होईस्तोवर सगळे खोळंबतात. ग्रेड सेपरेटरच्या आधीचा, गर्दीनं तुंबलेला साताऱ्यातला पोवई नाकाच. उतारा एकच: ग्रीनवर पोचलेल्यांनी बाजूला थांबून मागच्यांना मारू द्यायचं, आणि ते चालत येईस्तोवर आपलं पटिंग, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलणं, उरकायचं.

स्कॉटलंडात चौघांत दोनच चेंडू घेऊन आळीपाळीनं मारायची जुनी रीत आहे. जोडीतला एक आधीच पुढं जाऊन उभा, त्यामुळं तीन तासांत घरी. अमेरिकेत चौघांचे चार चेंडू, वर मैदानात फिरायला गाडी. तरी साडेचार तास. पावसानंतर गाडी फरसबंदीवरच ठेवायची, चेंडूपर्यंत चालत जायचं आणि चुकीची स्टिक आणली म्हणून परत यायचं. आपल्याकडं चेंडूवर नजर ठेवायला 'आगेवाला' असतो; हा माणूस घड्याळापेक्षा उपयोगी.

जपानात मात्र नऊ होल झाले की रीतसर जेवणाची सुट्टी. सातारकराला हे ताबडतोब पटेल. वामकुक्षीचं कुणी बोलत नाही, तेवढंच खटकतं.