‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’मधला नऊ वर्षांचा प्रियकर

ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा तो फॉरवर्ड आता भाच्यामार्फत माझ्याकडे आलाय, खाली ‘मामा, आईला समजाव’ अशी पुरवणी जोडून. मजकूर थोडक्यात असा: कॅनडाचा रॉक गायक ब्रायन ॲडम्स 1969च्या उन्हाळ्यात प्रेमात पडला, रक्ताळलेल्या बोटांनी एका रात्रीत ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ लिहिलं, शिक्षणाला लाथ मारली आणि गाणं अमेरिकेत पहिलं आलं. तेव्हा डिग्रीच्या मागे लागू नका.

अहो, ॲडम्सचा जन्म 5 नोव्हेंबर 1959चा. त्या उन्हाळ्यात साहेब नऊ वर्षांचे. चौथीतलं पोर बँड काढतंय, मुलीच्या दारात आणाभाका घेतंय, वर बँडमधल्या एकाचं लग्नही उरकतंय! हे शेकडो लोकांनी पुढे ढकललं, वजाबाकी एकानेही केली नाही. वय जुळतं ते सहलेखक जिम व्हॅलन्सचं, तो 1952चा.

‘एका रात्रीत’ तर सोडाच. व्हॅलन्सने या गाण्याची हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. 1984च्या जानेवारीत व्हँकुव्हरला त्याच्या तळघरातल्या स्टुडिओत काम सुरू झालं. गाण्याचं नाव तेव्हा ‘बेस्ट डेज ऑफ माय लाइफ’ होतं. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करूनही दोघांचं समाधान होईना, अल्बममधून वगळायच्याच बेतात होते. गाण्यात लग्न करणारा गडी म्हणजे ॲडम्सचा साउंड इंजिनियर.

आणि नावातला तो 69चा आकडा. व्हॅलन्स म्हणतो, साल. ॲडम्स मुलाखतींत सांगतो, सालाशी संबंध नाही, मामला शृंगाराचा आहे. सोसायटीतल्या आजोबांनी सुप्रभातसोबत नेमकं काय पाठवलं, हे त्यांना न कळलेलंच बरं.

पहिला क्रमांक? 1985मध्ये बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पाचवा. पुढे.

राहिलं शिक्षण. ॲडम्सने ते लवकर सोडलं, हे खरंय, नाइलाजाने मान्य. सोळाव्या वर्षी तो ‘स्वीनी टॉड’ बँडचा गायक होता. म्हणजे हातात काम होतं. 1978मध्ये व्हँकुव्हरच्या वाद्यांच्या दुकानात व्हॅलन्स भेटला, मग दोघं वर्षानुवर्षं गाणी घासत बसले. 1980चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. हे गाणं आलं ते चौथ्या अल्बमवर. मधली ही सगळी वर्षं गाळून ‘कॉलेज सोडा’ एवढंच बारावीच्या पोरांना पाठवणं म्हणजे निव्वळ नालायकपणा आहे.